हातापायांसकट माणूस

ज्या साधकाला कागदावर माणूस उतरवायचा आहे, त्याने प्रथम गवत काढायला शिकावं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांच्या स्मरणचित्रात गवत कुठेही उगवतं: पाणवठ्यावर, आठवडी बाजारात, एस.टी.च्या फलाटावर, निकड असेल तर देवळाच्या पायऱ्यांवरही. पाय जमिनीला टेकले की पावलं काढावी लागतात, आणि पावलं कोणालाच येत नाहीत. हातांची सोय निराळी. पुरुषाचे हात खिशात घालावेत, धोतर असेल तर पाठीमागे बांधावेत. बाईला पाठमोरी उभी करून डोक्यावर हंडा द्यावा; चेहऱ्याचाही प्रश्न मिटतो.

या पद्धतीला शास्त्राधार आहे. प्रौढ माणसाच्या अंगात २०६ हाडं. मनगटासकट एका पंज्यात २७, टाचेसकट एका पावलात २६. चारींची बेरीज १०६. म्हणजे गवत आणि खिसा एवढ्या भांडवलावर निम्म्याहून जास्त सांगाडा अभ्यासातून वगळता येतो. उरलेल्या शंभर हाडांवर कित्येकांनी अख्खी हयात काढलेली आहे.

तरीही कुणाला सुधारायचंच असेल, तर त्याने मापांपासून आरंभ करावा, कारण मापांवर वाद घालता येतो आणि तेवढा वेळ चित्र काढावं लागत नाही. उभा माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो. अँड्र्यू लूमिसने १९४३ सालच्या आपल्या पुस्तकात आदर्श माणूस आठ डोक्यांचा मांडला. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राचा उत्तम पुरुष १०८ अंगुळांचा, म्हणजे नऊ ताल. यावरून आपले पूर्वज उंच होते असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. ताल हे चेहऱ्याचं माप आहे, डोक्याचं नव्हे. कामाचं एवढंच, की जांघ उंचीच्या मध्यावर येते आणि डोळे डोक्याच्या मध्यावर. नवशिका डोळे पार कपाळावर चढवतो, त्यामुळे त्याच्या माणसांना मेंदू ठेवायला जागा उरत नाही.

यानंतर शरीरशास्त्राचं जाड पुस्तक विकत घ्यावं. ते घेतल्यावर साधकाला स्नायू दिसू लागतात आणि ते सगळे तो काढू लागतो. झोपलेल्या आजीच्या दंडावरही पैलवानाचे चढउतार येतात. अशा चित्रांना लिओनार्दोने अक्रोडांच्या पोत्याची उपमा देऊन ठेवली आहे, आणि प्रेतं चिरून अभ्यास केलेल्या माणसाने ती दिली असल्यामुळे वाद घालण्यात अर्थ नाही. स्नायूंची नावं पाठ होण्याआधी हाडं कातडीखाली कुठे वर येतात ते चाचपावं: गळ्याखालची हसळी, कोपर, गुडघ्याची वाटी, घोटे. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, हे स्वतःचा पाय असूनही बहुतेकांना ठाऊक नसतं. तळहात वर करून हात टेबलावर ठेवावा: कोपरापुढची दोन हाडं शेजारी शेजारी. तळहात पालथा केला की अंगठ्याच्या बाजूचं हाड दुसऱ्यावर आडवं जातं आणि हाताचा सगळा आकारच पालटतो. याला पुस्तक लागत नाही, पण पुस्तक विकत घेतल्याशिवाय मनुष्य हे करत नाही.

आता टीका. ती कुणाकडे मागावी हा नाजूक विषय आहे. आईला दाखवलं तर ‘छान आहे, जेवायला चल’ असं ऐकू येतं. मित्र ‘भारी’ म्हणतो आणि पुढचं चित्र बघायला न थांबता चहा सांगतो. सर मात्र काही बोलत नाहीत. हातातला चारकोल काढून घेतात आणि आपल्या आठवडाभराच्या नाजूक छायेवरून एक काळी, जाड, अचूक रेघ ओढतात. अशा वेळी ‘ही माझी शैली आहे’ असं म्हणायची प्रथा आहे. आधाराला पिकासोचं नाव घ्यावं, मात्र त्याने पोरवयात केलेले अभ्यास पाहू नयेत. पाहिले तर बचाव तिथेच कोसळतो.

प्लिनीने अपेलीझची गोष्ट सांगितली आहे. हा ग्रीक चित्रकार आपलं चित्र बाहेर मांडून त्याच्या मागे लपून लोकांचं बोलणं ऐके. एका चांभाराने वहाणेतली चूक दाखवली, ती त्याने दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी चांभार पायाबद्दल बोलू लागला, तेव्हा अपेलीझने त्याला वहाणेपुरतं बोलायला सांगितलं. माझ्या मते इथे अपेलीझ चुकला. वहाणा चांभारालाच कळतात, पण पाय प्रत्येकाला असतात. झाडाची फांदी वाकडी गेली तर कुणी हटकत नाही; गुडघा बोटभर सरकला तर टपरीवरचा पोऱ्याही म्हणतो, ‘याचा पाय लंगडा आहे का?’

त्याचं ऐकावं, पण दुरुस्ती पायात करू नये. तक्रार खरी असते, पत्ता चुकीचा असतो. हात आखूड दिसतो म्हणून जो तो हात लांबवत बसतो. मुळात दंड वर गेला तरी हसळी आणि खवाटा जागच्या जागी राहिलेले असतात. लंगड्या पायाचंही तसंच. गवंड्याकडून ओळंबा मागून आणावा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल, तर गळ्याच्या खळगीतून सोडलेला दोर त्याच पायाच्या टाचेजवळ उतरायला हवा. त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. आपल्या त्रिभंग मूर्तींत हे सारं चोख सापडतं. पंढरीचा विठोबा दोन्ही पायांवर सारखा भार देऊन, हात कमरेवर ठेवून उभा आहे, म्हणून तो पोरासोरांनाही जमतो.

मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत पूर्वी आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून काढायला बसवत, जिवंत मॉडेल मागाहून. पुतळा शिंकत नाही. ती सोय नसलेल्याने लोकल गाठावी. झोपलेल्या प्रवाशाइतकं निर्हेतुक मॉडेल दुसरं नाही. फक्त डोळ्यांपासून सुरुवात करू नये. पापण्या रंगवेपर्यंत ठाणं येतं, तो उतरतो, आणि वहीत कमरेखाली पुन्हा गवत उगवतं. आधी कंबर आणि खांद्यांचा कल दोन रेघांत पकडावा, भार कुठे आहे ते बघावं. नाक उरलं तर उरलं.

घरी आल्यावर चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून आत सांगाडा बसवून पाहावा. जिथे तो मावत नाही तिथे खोडरबर न चालवता नवा कागद घ्यावा. मॉडेल नातेवाईक असेल तर मात्र त्याची टीका नम्रपणे ऐकून घ्यावी आणि काहीही बदलू नये. आत्याचं नाक तेवढंच आहे.