लोकरीचं डेडस्टॉक

हिंगोली जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज चढतो. थंडी म्हणाल तर दिवाळीनंतर उगवते आणि संक्रांतीचा तिळगूळ खाऊन निघून जाते. अशा मुलखात घरात लोकर साठवणारी एक जमात आहे आणि ती बहुतेक करून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

यातली नमुनेदार मॅडम राहते हिंगोलीत आणि सेनगाव नाहीतर औंढ्याकडच्या एखाद्या खेड्यात अप-डाऊन करते. दिवसभरात शिकवणं होतंच, नाही असं नाही. पण त्याआधी पोषण आहाराची नोंद, यू-डायसची माहिती, निपुणची चाचणी आणि ग्रुपवर ‘तात्काळ, दोन वाजेपर्यंत’ म्हणून आलेली एखादी लिंक. निवडणूक आली की मतदार याद्या. संध्याकाळी घरी आल्यावर पर्स टेबलावर, मोबाइल उशीखाली आणि दिवाणातली पिशवी मांडीवर. त्यानंतर तिच्याशी कुणी बोलायचं नाही. बोललात तर उत्तर येतं, “सतरा, अठरा, एकोणीस…”

या सुयांत एवढं काय आहे, असं विचारलं तर ती म्हणते, “पोर्टलवर एक आकडा चुकला की खुलासा द्या. इथं चुकलं तर दोन ओळी उसवायच्या. ना कुणाची सही, ना शिक्का.” नवशिकीला सुया दाखवताना तर ती विशेष खुलते. दहा नंबरची सुई आठ नंबरपेक्षा बारीक असते. “नंबर वाढला म्हणून कुणी मोठं होत नसतं बाई,” हे वाक्य ती गुणपत्रकं भरून भरूनच शिकली असावी.

पण विणणं हे निमित्त. खरं सुख जमवण्यात. कपाटाचा एक खण, दिवाण, लग्नातली सुटकेस आणि गव्हाची रिकामी कोठी, सगळीकडे लोकर. आता लोकर म्हणायची ती रीत म्हणून. बहुतेक गुंड्यांच्या लेबलावर बारीक अक्षरांत अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं असतं. मेंढीचा संबंध असलाच तर चित्रापुरता. नवरा, तोही मास्तरच, विचारतो, “अहो मॅडम, एवढी कामून घेतली?” यावर उत्तर तयार असतं. रंगाचा लॉट बदलला की तोच नंबर असूनही छटा बदलते, पाठ एका रंगाची आणि बाही दुसऱ्या रंगाची दिसते, म्हणून दोन गुंडे जास्तीचे घ्यावे लागतात. हे शंभर टक्के खरं आहे. फक्त दोन गुंडे जास्तीचे घेण्यासाठी आधी एखादं स्वेटर सुरू झालेलं असावं लागतं, एवढाच तपशील ती गाळते.

आणि गंमत पाहा. शाळेतल्या रजिस्टरांना कंटाळून जी बाई सुया हातात घेते, तिनं घरी लोकरीचं डेडस्टॉक रजिस्टर घातलेलं आहे! अनुक्रमांक, खरेदीचा दिनांक, रंग, लॉट, नग, शेरा. शेऱ्यात प्रत्येक ओळीला ‘शिल्लक’.

घुमानच्या यात्रेनंतर या रजिस्टरला पुरवणी जोडावी लागली. जिल्ह्यातल्याच नरसीचे संत नामदेव पंजाबात घुमानला जाऊन राहिले, त्यामुळे इकडच्या माणसाला ते गाव परकं वाटत नाही. २०१५ साली तर तिथं मराठी साहित्य संमेलनही भरलं. मॅडम नांदेडहून सचखंड एक्स्प्रेसनं भक्तिभावानंच निघाली होती. पण ती गाडी अमृतसरच्या आधी लुधियानाला थांबते आणि लुधियाना म्हणजे लोकरीचं माहेर. बाकीच्या बायका प्रसाद घेऊन परतल्या, ही दोन गाठोडी घेऊन. “महाराज शिंप्याच्याच घरचे, त्यांना पटलं असतं,” हा तिचा युक्तिवाद सरांना आजतागायत खोडता आलेला नाही.

तिच्या हातून काही पुरं होत नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. स्टाफमध्ये कुणाला दिवस गेले की ती त्याच संध्याकाळी कुंचीचे टाके घालते. सुलट, उलट, मध्ये जाळीची ओळ. काम इतकं सुबक की पाहणाऱ्याची बोटं आपोआप त्यावर फिरतात. मग प्रशिक्षण लागतं, शिक्षण परिषद लागते, परीक्षा येतात. कुंची तयार होते तेव्हा ते लेकरू पहिलीच्या पटावर आलेलं असतं. मॅडम त्याच्या डोक्याकडे बघते, कुंचीकडे बघते आणि शांतपणे म्हणते, “धाकट्याला होईल.”

तेव्हा तुमच्या घरी बाळंतविडा हवा असेल, तर या मॅडमला लग्न ठरल्याबरोबर कळवा. रंग मात्र सांगू नका. वसमतच्या हळदीशी मिळताजुळता पिवळा तिनं एकदा घाऊक भावात घेतला आहे आणि तोच आधी संपवायचा आहे.