सम्राट रात्रपाळीला

या गृहस्थांना पावसाळ्यात मुळशीला नेलं तर ते धबधबा बघत नाहीत. गाडीतून उतरले, की कमरेवर हात ठेवून चौफेर नजर टाकतात. "गोडं पाणी आहे, टेकड्या आहेत, मागे डोंगर. इथे शहर वसवायलाच हवं होतं." बायको तोवर कणसं भाजून घेऊन येते. डोंगर दिसला की नवऱ्याचं असं होतं, हे तिला ठाऊक आहे.

२०१६ साली 'सिव्हिलायझेशन ६' हा साम्राज्य उभारायचा संगणकीय खेळ आला तेव्हापासून गृहस्थ रोमचे आहेत. बाकीची मंडळी कधी इजिप्त घेतात, कधी जपान. हे रोमच्या सम्राट ट्रेजनशिवाय कुणाला हात लावत नाहीत. ट्रेजनने शहर वसवलं की स्मारक फुकट, व्यापारी ठाणं फुकट, आणि राजधानी टप्प्यात असेल तर तिथवरचा रस्ताही फुकट! 'रस्ता' म्हणताना त्यांचा गळा दाटून येतो. पुण्यात इतकी वर्षं कर भरल्यावर कुणाचाही येईल.

इसवी सनपूर्व ४००० मध्ये डाव सुरू होतो आणि राजधानीतून नवी शहरं वसवणारे सेटलर बाहेर पडू लागतात. सेटलर काढला की शहराची वस्ती एकाने घटते, पण त्याची फिकीर कोण करतो? रोम ओस पडलं तरी चालेल, पलीकडची मोकळी टाइल दुसऱ्याला मिळता कामा नये. नदीकाठ संपला की वाळवंट, वाळवंट संपलं की बर्फ.

"अहो, बर्फात तुमचे रोमन खाणार काय?" मी विचारलं.

"तिथे पुढे तेल निघतं."

तेल निघायच्या युगापर्यंत हे कधीही खेळलेले नाहीत.

मोकळी जागा संपली की शेजाऱ्याच्या सीमेवर रोमन सैन्याची लीजन उभी राहतात, अर्थातच संरक्षणासाठी. चार शहरं घेतली की बाकीचे राजे एकेक करून निषेध नोंदवतात. एकदा जेवताना सम्राट खिन्नपणे म्हणाले, "गांधी माझ्यावर नाराज आहेत."

"असणारच," त्यांच्या आई म्हणाल्या. "सकाळपासून तीनदा दूध आणायला सांगितलंय."

खरी पंचाईत मात्र जिंकल्यावर सुरू होते. पंधरा शहरं झाली, की दर टर्नला कुणीतरी विचारणार: आता काय बांधू? प्रजेला चैनीच्या वस्तू हव्यात, घरं कमी पडतायत. "ही काय कारकुनी!" म्हणून सम्राट डाव मोडतात आणि नवा नकाशा उघडतात. खऱ्या ट्रेजननेही डेशिया घेतला, मेसोपोटेमियापर्यंत धडक मारली आणि ११७ साली तो वारला. ते सगळं सांभाळणं परवडणार नाही, हे ओळखून पूर्वेकडचे नवे प्रांत सोडून देण्याचं शहाणपण वारसाला, हेड्रियनला दाखवावं लागलं.

यांच्या घरात ते काम अकरावीतली मुलगी करते. बाबांचे टाकलेले डाव ती सेव्हमधून उघडते, गटारं-विहिरी बघते, भांडणं मिटवते आणि शांतपणे शतकं ढकलते. गेल्या महिन्यात तिने एक डाव थेट मंगळापर्यंत नेऊन जिंकला.

"बाबा, तुमच्या त्या बर्फातल्या गावात खरंच तेल निघालं!"

बाबांनी मान वर केली. डोळ्यांत चमक आली.

"आणि त्याच्या पलीकडे जागा होती का गं?"