बचावपक्ष

मीरा-भाईंदरच्या काशीगावातल्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणतात. लॉ कॉलेजची पायरी ते कधी चढलेले नाहीत. हिशेब खात्यातून निवृत्त झाले. पण वाक्य कुठलंही असो, त्यात त्यांना आपल्यावरचं आरोपपत्रच ऐकू येतं. मग चष्मा कपाळावर चढतो आणि बचाव सुरू होतो.

"आज नळाला पाणी नाही," काकू म्हणतात.

"मी काय करू? वॉचमनला मोटर लावायला सांगितली होती. आणि मागच्या मंगळवारी नळ उघडा कोणी ठेवला?"

मीरा-भाईंदरला पाणी येतं स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी आणि एमआयडीसी यांच्याकडून. खुलासा मात्र वकीलसाहेबांचा!

२०२५च्या मे महिन्यात दहिसर-काशीगाव मेट्रोची चाचणी झाली. मी म्हटलं, "उशीरच झाला जरा."

"अहो, मी वेळेवरच निघालो होतो!"

संसार पोखरणाऱ्या चार सवयी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी सांगितल्या आहेत : टीका, तुच्छता, बचाव आणि अबोला. बचावावर त्यांचा उतारा साधा. तक्रारीतला आपल्या वाट्याचा भाग, लहान का असेना, कबूल करायचा. सुनेने हे वाचून दाखवलं, तर वकीलसाहेब उसळले, "मग माझ्याकडे काय बघतेस? बाकीच्या तीन माझ्यात नाहीत!"

गॉटमनना जमलं नाही ते नातवाने केलं. खेळता खेळता पठ्ठ्याने आजोबांचा जुना चष्मा कपाळावर चढवला, कमरेवर हात ठेवला आणि टेडीला दरडावलं, "मी काय केलं?" घर हसलं. वकीलसाहेब खुलासा करायला सरसावले, तोच आपला हात चष्म्याकडे निघालेला त्यांना दिसला. त्यांनी तो खाली घेतला.

तेव्हापासून हात वर निघाला की ते सावध होतात. परवा काकू म्हणाल्या, "तुम्ही माझं कधी ऐकूनच घेत नाही." हात निघाला, अर्ध्या वाटेत कान खाजवून परतला.

"खरंय. बऱ्याचदा नाही घेत," ते म्हणाले.

काकू बघतच राहिल्या. तव्यावरची पोळी करपली.

"आता पोळी करपली, त्याला मी जबाबदार नाही हं!"

जन्माची सवय अशी एका पोळीत सुटत नाही. पण तक्रार आणि खुलासा यांच्या मध्ये एक श्वास मावू लागला, की निम्मं भांडण तिथेच मिटतं. उरलेल्या निम्म्याला काकू समर्थ आहेत.