जुनी खिडकी न बदलणारा गृहस्थ

जुनी खिडकी न बदलणारा गृहस्थ मुख्यतः पुण्याच्या पेठांत, गिरगावच्या चाळींत आणि कोकणातल्या कौलारू घरांत आढळतो. वय साठीपुढे, पेन्शन बेताची, खिशात पितळी स्क्रू. घरातली चूल गेली, पाटा गेला, रेडिओही गेला. त्याने हूं की चूं केले नाही. सागवानी खिडकीपाशी मात्र तो अडतो.

त्याचे म्हणणे बिनतोड असते, आणि घरच्यांचे खरे दुखणे तेच आहे. दोन काचांची सरकती ॲल्युमिनियमची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते, झडपांची सताड उघडते. हे पाहुण्याला चहा येण्यापूर्वी समजते. जुन्या सागाच्या गाभ्यात तेल असल्याने वाळवी सहसा त्याच्या वाटेला जात नाही, हे चहाबरोबर. सरकत्या खिडकीच्या खाचेत धूळ बसून चाके कशी अडतात, ही माहिती पाहुणा चपला शोधत असताना मिळते.

पावसाळा हा कसोटीचा काळ. लाकूड लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. त्यामुळे आषाढात झडप चौकटीत गच्च बसते. नवशिका लगेच रंधा मारतो आणि थंडीत फटीतून वारा खातो. मुरलेला गृहस्थ दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर खिडकी उघडायला खांदा लागतो आणि लावायला शेजारी.

कुजणे बहुधा झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीपासून सुरू होते, कारण पाणी तिथेच मुरते. तेवढाच भाग कापून जुन्या सागाचे ठिगळ रेषा जुळवून बसवायचे, असा नियम आहे. त्यासाठी कुठलाही वाडा पडू लागला की हा समोर हजर. चेहऱ्यावर हळहळ, हातात पिशवी. बिजागरीचे स्क्रू फिरू लागले तर भोकात आगपेटीची काडी आणि फेव्हिकॉल. तावदाने बसवायला लांबी घरीच, खडूची पूड जवसाच्या तेलात मळून. ती कणकेच्या परातीत मळल्याचे निदर्शनास आल्यावर पत्नीचे बोलणे बंद होते. ते दोन दिवसांत पूर्ववत होते. लांबी रंग लावण्याजोगी व्हायला त्याहून बराच वेळ जातो.

सुतार त्याला टाळतात. ‘काका, नवीनच टाका’ म्हणणारा सुतार पुन्हा बोलावला जात नाही, आणि त्यासाठीच अनेक जण ते म्हणतात.

इमारत पुनर्विकासाला गेली की करारावर सर्वांत शेवटी सही करणारा सभासद हाच. नव्या फ्लॅटमध्ये सरकत्या खिडक्या आधीच बसलेल्या असल्याने जुन्या खिडक्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहतात. त्या हलवण्याची नोटीस सोसायटी काढते. उत्तर लेखी येते, मापांसकट; सोबत जिन्यातली नवी खिडकी पावसात गळत असल्याची तक्रार जोडलेली असते.