चिरंजीवांचे वैविध्य

अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशार्थ्यांत अलीकडे जी एक नवी जमात उदयास आली आहे, तिचे ठळक लक्षण असे की, ज्या बालपणाची शाळेत असताना तिला लाज वाटे, त्याच बालपणाची, अर्जाची मुदत जवळ येताच, तिला अनिवार ओढ लागते. दादरा-नगर हवेलीतल्या नरोलीतील आमच्या शेजारघरचे चिरंजीव हे या जमातीचा अस्सल नमुना होत. नवव्या वर्षापर्यंत ते येथेच वाढले. पुढे वडिलांच्या नोकरीपाठोपाठ न्यू जर्सीस गेले, आणि तेथे कोणी गाव विचारलेच तर ‘मुंबईजवळ’ एवढे सांगून मोकळे होत.

परंतु तिकडच्या अर्जाची रीतच न्यारी. आमच्याकडे ‘नीट’चे १८० प्रश्न सोडवून ७२० पैकी पुरेसे गुण पदरात पडले की उमेदवाराच्या बालपणाची चौकशी करण्याची सरकारास गरज भासत नाही, तिकडे मात्र ५३०० अक्षरांच्या मर्यादेत आत्मनिवेदन सादर करूनही सुटका नसते, कारण आषाढाच्या सुमारास एकेका महाविद्यालयाकडून पुरवणी प्रश्नांची फर्माने सुटू लागतात, आणि ‘आपण आमच्या वर्गात कोणते वैविध्य आणाल?’ हा प्रश्न त्यांत बहुधा असतोच. २९ जून २०२३ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तथापि आपल्या वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे उमेदवाराने स्वतःच लिहिले तर ते विचारात घेण्यास प्रत्यवाय नाही, असेही नमूद केले. तेव्हापासून या निबंधास सनदेची कळा आली आहे.

सबब चिरंजीव भर पावसात भिलाड स्थानकावर उतरले, घरी आले, आणि ओटीवर वही उघडून त्यांनी आजीची जबानी घेण्यास आरंभ केला.

“आजी, आपण तेव्हा गरीब होतो ना गं?”

“गरीब? तुझ्या बारशाला दोनशे पान उठलं होतं! कोण मेला गरीब म्हणाला?”

“बरं, मला मलेरिया, टायफॉइड असं काही?”

“छे! सगळ्या लसी वेळच्या वेळी टोचल्या होत्या. एकदा बोरं खाऊन पोट तेवढं बिघडलं होतं.”

चिरंजीवांनी विषण्ण मुद्रेने ‘पोट’ एवढे टिपून घेतले.

वास्तविक त्या घरात परदेशी बालपण कोणाचे गेले असेल तर ते आजोबांचे, आणि तेही ओटी न सोडता. पेशव्यांनी एका जहाजाच्या भरपाईपोटी १७८३ साली महसुलासाठी तोडून दिलेल्या या मुलखात ते पोर्तुगीज अमलाखाली जन्मले. २८ जुलै १९५४ रोजी आझाद गोमांतक दलाच्या व संघाच्या स्वयंसेवकांनी नरोलीचे ठाणे काबीज केले तेव्हा ते शाळकरी होते. पुढील सात वर्षे ते मुक्त झालेल्या, परंतु कोणत्याच राष्ट्रात रीतसर सामील न झालेल्या प्रदेशाचे रहिवासी होते. आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजी भारतात दाखल झाले. मधल्या काळात याच मुलखाच्या वाटेवरील हक्कासाठी पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला, त्याचा निकालही १९६० साली लागला. ही सर्व हकीकत निवेदन करून आजोबा उदारपणे म्हणाले, “हवं तर हे घाल.”

“पण आजोबा, ह्यात माझा स्ट्रगल कुठे आहे?”

सिल्वासाच्या नमो वैद्यकीय महाविद्यालयात शिकणारी चुलतबहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “अरे, तू लहानपणी शेतावरच्या माणसांशी फडाफडा वारली बोलायचास. आमच्याकडे सिकलसेलचे पेशंट येतात ना, पाड्यावरची आजी काय सांगते ते कळायला मला अजून दुसऱ्या कुणाला बोलवावं लागतं. ते लिही की.”

“ते काय, नुसतं बोलणं झालं!” असे म्हणून चिरंजीवांनी त्यांच्याजवळचे एकमेव खरे वैविध्य बाद केले.

निबंध चार दिवसांत सिद्ध झाला. सूत व प्लास्टिक यांच्या कारखान्यांनी वेढलेली नरोली त्यात ‘दुर्गम खेडे’ झाली. दमणगंगेवरील पूल वगळण्यात आला, त्यामुळे ती नदी जिवावर उदार होऊन ओलांडणे क्रमप्राप्त झाले. बोरांनी बिघडलेल्या पोटाचे खापर दूषित पाण्यावर फुटले. आणि बारशाची दोनशे पाने कर्जबाजारी कुटुंबाच्या अगतिक रूढीप्रियतेचे उदाहरण म्हणून कामी आली. आजीचा आग्रह पडला म्हणून चिरंजीवांनी तो सगळा मराठीत सांगितला. माउलीने पदराने डोळे पुसले.

“फार हाल झाले रे पोराचे,” ती म्हणाली. “घ्या म्हणावं त्याला डॉक्टरकीला. पण हा मुलगा कोणाचा म्हणालास?”