हाय, मिडियम, लो आणि हिवरे बाजार

नगरच्या सावेडीत, पाईपलाईन रोडला किंवा गुलमोहोर रोडला, कुठल्याही चार मजली इमारतीच्या जिन्यात उभं राहून मोबाईलवर वायफायची यादी उघडावी. देवांची नावं, आडनावं, नातवंडांची लाडाची नावं, कंपनीने दिलेली आणि कोणीच न बदललेली नावं. बोटाने यादी सरकवता सरकवता मजला येतो. प्रत्येक नावामागे भिंतीवर ठोकलेला एक राउटर असतो आणि प्रत्येक राउटरच्या पोटात ‘वायरलेस सेटिंग’ नावाचं एक पान असतं. नेट जोडून देणाऱ्या पोराने ते एकदा बघितलेलं असतं, त्यानंतर कोणीच नाही. त्या पानावर मुख्य प्रश्न तीन : चॅनेल कोणता, चॅनेलची रुंदी किती, आणि पॉवर हाय, मिडियम की लो. माझं म्हणणं असं, की हे प्रश्न भावकीत मिटवायचे नाहीतच, ते गावकीचे आहेत. आणि ज्या जिल्ह्यात हिवरे बाजार आहे, त्या जिल्ह्याला तरी (नाव अहमदनगर म्हणा, अहिल्यानगर म्हणा) हे पटायला फार वेळ लागू नये.

आकाशवाणीच्या नगर केंद्राला १००.१ मेगाहर्ट्झ ही जागा नेमून दिलेली आहे. तिथे दुसरं कोणी पाऊल टाकत नाही. वायफायचं तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारने २००५ साली परवानामुक्त केला तो एका अटीवर : वापरा, पण दुसऱ्याला त्रास देऊ नका, आणि तुम्हाला कोणाचा त्रास झाला तर आमच्याकडे येऊ नका. राजपत्रात हे अर्थातच जास्त सभ्यपणे लिहिलेलं आहे. हा पट्टा २४०० ते २४८३.५, म्हणजे जेमतेम साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा. त्यात आपल्याकडे चॅनेल १३. ऐकायला भरपूर वाटतं, पण ते पाच-पाच मेगाहर्ट्झवर मांडलेले आहेत आणि प्रत्येकाला पसरायला निदान वीस लागतात. म्हणजे एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल व्यवहारात तीनच : १, ६ आणि ११. त्यात कोणी वेग वाढेल या आशेने रुंदी ४० करून ठेवली, की निम्मा पट्टा एका फ्लॅटच्या नावावर. याहून खास माणूस म्हणजे चॅनेल ३ निवडणारा. १ वर गर्दी, ६ वर गर्दी, मग मधला मोकळा का सोडा, असा त्याचा हिशेब. पण एकाच चॅनेलवरच्या राउटरांना एकमेकांचं बोलणं कळतं, त्यामुळे ते आपली पाळी येईपर्यंत थांबतात. ३ वरच्याचं बोलणं १ वाल्यालाही धड कळत नाही आणि ६ वाल्यालाही नाही. दोघांना नुसता कलकलाट ऐकू येतो. एकाच फटक्यात दोन्ही शेजाऱ्यांशी वाकडं घेण्याची अशी सोय पार्किंगमध्येही नसते.

आता पॉवर. हाय, मिडियम, लो असे तीन पर्याय समोर असताना राजीखुशीने ‘लो’ निवडणारा नगरकर अजून जन्माला यायचा आहे. पैसे पुरे मोजलेत, मग लो का? पण वायफायचा कायदा असा, की बोलण्याआधी ऐकायचं आणि कोणी बोलत असेल तर गप्प बसायचं. म्हणजे आपला राउटर जितका लांब ऐकू जाईल, तितकी जास्त घरं आपल्यासाठी खोळंबणार. शिवाय तो कोणी वापरत असो वा नसो, सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःचं नाव पुकारत असतो, तेही बहुतेकदा सर्वांत संथ वेगाने. मध्यरात्री दोन वाजतासुद्धा. बरं, एवढं करून हाती काय लागतं? मोबाईलवरच्या वायफायच्या रेघा राउटर फोनला किती ऐकू येतो ते सांगतात. फोनचं बोलणं राउटरपर्यंत पोचतंय का, हे त्या सांगत नाहीत. राउटर भिंतीवरच्या विजेवर गरजतो, फोन बिचारा बॅटरीवर कुजबुजतो. म्हणून मागच्या खोलीत रेघा भरलेल्या आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत उभा. शिवी खातो नेटवाला.

बोअरचं अगदी असंच झालं. शेजाऱ्याने तीनशे फूट घेतला की आपण चारशे, मग तो पाचशे. आणि खाली पाणी तेवढंच, किंबहुना कमीच. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर, ही शर्यतच मोडून काढली : शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही, आणि दरवर्षी पाणी मोजून पिकांचा ताळेबंद. अमेरिकेतल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते सामाईक मालमत्ता लोक आपापसात नियम करून नीट सांभाळू शकतात हे दाखवून दिल्याबद्दल. पाणी निदान विहिरीत वाकून बघता येतं. हवेतल्या साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झचा तळ दिसत नाही, म्हणून त्याचा दुष्काळ जाहीर होत नाही एवढंच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : मी लो करतो, पण वरच्या मजल्यावरचे करतील का? आक्षेप खरा आहे. एकट्याने आवाज कमी केला तर शेजारच्याला तो ऐकू येईनासा होतो, आणि मग तो बेलाशक त्यावर बोलत सुटतो. म्हणूनच एकट्याने करायचं काम वेगळं आहे : जे जमेल ते ५ गिगाहर्ट्झवर न्यायचं. तिथे २०१८ मध्ये सरकारने एकूण ६०५ मेगाहर्ट्झ मोकळे केले, म्हणजे जुन्या पट्ट्याच्या सातपट. ‘त्याची रेंज भिंतीपलीकडे जात नाही हो’ अशी तक्रार असते. शेजारधर्माच्या दृष्टीने हाच त्याचा मोठा गुण. स्वस्तातले कॅमेरे आणि बल्ब मागे जुन्या पट्ट्यावर राहतील, राहू द्यावेत. दुसरा आक्षेप, ‘ऑटोवर ठेवलंय, तो बघून घेतो’. बऱ्याच साध्या राउटरांचं ऑटो फक्त चालू होताना एकदा कानोसा घेतं. लाईट जाते, तासाने येते, इमारतीतले सगळे राउटर एकदम जागे होतात, एकदम कान देतात, सगळीकडे शांतता पाहून खूश होतात, आणि मग एकाच चॅनेलवर जाऊन बसायला मोकळे. तिसरा आक्षेप माळीवाड्यातल्या जुन्या वाड्यांचा : दगडी भिंती, हाय नको तर काय करायचं? १८०३ मध्ये नगरच्या किल्ल्याच्या दगडापुढे आर्थर वेलस्लीला तोफा लावाव्या लागल्या होत्या. शंभर मिलिवॉटच्या डबीकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नये. अशा भिंतीला भोक पाडून वायर ओढावी आणि पलीकडे दुसरा छोटा अॅक्सेस पॉइंट लावावा, तोही लोवर.

उरलं ते सोसायटीचं काम. वार्षिक सभेत पाण्याची टाकी आणि लिफ्ट यांच्या मधे हा विषय दहा मिनिटांत बसतो. रुंदी सगळ्यांची २०, पॉवर सगळ्यांची मिडियमच्या वर नाही, आणि तळमजल्याला चॅनेल १, पहिल्याला ६, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला पुन्हा १. तिन्ही चॅनेल गुणाने अगदी सारखे, कोणात काही कमी-जास्त नाही. तरीही ‘आम्हाला अकरावा का, एक नंबर का नाही’ या मुद्द्यावर सभा तहकूब होण्याची शक्यता गृहीत धरून चहा थोडा जास्त सांगून ठेवावा.