मी नाही बघत

द्राक्षावर केवडा पडला तर मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारावं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगता येईल. कोंबड्यांची मानमोडी, गुरांचा लाळ्या-खुरकूत, कपाशीवरची बोंडअळी या मंडळींशी माझी लहानपणापासूनची ओळख. आमचं घर डोंबिवलीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. शेती म्हणाल तर डालड्याच्या डब्यातली तुळस, तीही मे महिन्यात मान टाकायची. बाबा रोज लोकलने फोर्टातल्या कचेरीत जायचे आणि गाय त्यांनी जवळून पाहिली ती स्टेशन रोडवर, भाजीवालीच्या टोपलीत तोंड घालून उभी असलेली. तरी संध्याकाळी ‘आमची माती, आमची माणसं’ लागलं की आम्ही सगळे मांडी ठोकून समोर. कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ हेक्टरी किती युरिया घालावा ते सांगायचे आणि आजी, जणू उद्या सकाळी तिलाच शेतावर जायचंय अशा थाटात, मान डोलवायची. “जास्त घातला तर पीक जळतं हो,” ती आम्हाला बजावायची. आम्ही तुळशीला कधीच जास्त युरिया घातला नाही.

कारण काय, तर टीव्हीवर दुसरं काही नसायचं, आणि टीव्हीला बंद करायचंही बटण असतं ही गोष्ट आमच्या लक्षातच आलेली नव्हती.

म्हणून माझ्या वयाची माणसं एकत्र जमली आणि “त्या वेळचे कार्यक्रम म्हणजे काय होते!” असा सुस्कारा निघाला, की मी जरा बाजूला सरकतो. दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ लाजवाब होते, त्याबद्दल वादच नाही. पण चिमणराव आठवड्यातून एकदा, तेही काही काळच. बाकीचे दिवस? बाकीचे दिवस गोबर गॅसचे फायदे होते. एका सोफ्यावर तीन गृहस्थ, मध्ये प्लॅस्टिकच्या फुलांची फुलदाणी आणि ‘ग्रामीण पतपुरवठा : काही प्रश्न’. तो परिसंवाद आम्ही चिमणरावाइतक्याच भक्तिभावाने बघायचो. मधला गृहस्थ बोलताना फुलदाणी त्याच्या हनुवटीला लागायची आणि पतपुरवठ्यातलं आम्हाला तेवढंच कळायचं. आठवणींचं बरं असतं. चिमणराव त्या जपून ठेवतात आणि पतपुरवठा रद्दीत घालतात.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आमच्या घरी टीव्ही यायला मात्र १९८२ उजाडलं. तोवर आम्ही तळमजल्यावरच्या काकांचे आश्रित. त्यांच्याकडे बसण्याची जागा ठरलेली असे. काका-काकू कॉटवर, नातेवाईक खुर्च्यांवर, पहिल्या मजल्याची मुलं सतरंजीवर आणि दुसऱ्या मजल्याची उंबऱ्यात. त्यातही काकूंशी आईचं नळाच्या पाण्यावरून वाजलं असेल तर आम्ही खिडकीत. मी ‘छायागीत’मधल्या कित्येक नट्या गजांमधून पाहिल्या. अजूनही त्या मला उभ्या पट्ट्यांतच आठवतात.

मग एशियाड आलं, टीव्हीला रंग आले, आणि रंगीत टीव्ही निघाले म्हणून कुणीतरी काढून टाकलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बाबांनी हप्त्यांवर घरात आणला. चार पाय, लाकडी पेटी, पुढे सरकतं शटर. त्याला कुलूप होतं आणि किल्ली परीक्षेच्या दिवसांत बाबांच्या जानव्याला. आईने वर क्रोशाचं झाकण घातलं, दसऱ्याला त्याला झेंडू वाहिला. आम्हाला रंगीतची हळहळ वाटू नये म्हणून बाबांनी एक रंगीत काच आणली. ती पडद्यापुढे लावायची. वर निळी, मध्ये तांबूस, खाली हिरवी. म्हणजे वर आभाळ, खाली गवत, मध्ये माणसं. कल्पना उत्तम होती, पण दूरदर्शनला ती कुणी कळवली नव्हती. बातम्या देणाऱ्या बाईंचं कपाळ निळं आणि गळा हिरवा. पंतप्रधान हिरवळीतून उगवल्यासारखे. पावसाळी अधिवेशनात अख्खी विधानसभा कमरेपर्यंत भाताच्या खाचरात उभी. पाहुणे म्हणायचे, “अरे वा, कलर का?” आणि बाबा नम्रपणे म्हणायचे, “हो, घेतला आपला.”

गच्चीवरची अँटेना वरळीच्या मनोऱ्याकडे तोंड करून असायची. तिच्यावर कावळा बसला की नायिकेला दोन नाकं फुटायची. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. चित्र खालून वर पळायला लागलं की बाबा उठून पेटीच्या उजव्या अंगाला एक चापट मारायचे. डाव्या अंगाला मारून चालायचं नाही आणि दुसऱ्या कुणी मारूनही चालायचं नाही. आईने एकदा ती मारून पाहिली तर आवाजही गेला. घरातला कर्ता पुरुष म्हणून बाबांचं जे काही स्थान होतं, ते त्या चापटीत होतं.

शिवाय ‘साप्ताहिकी’ होती. पुढच्या आठवड्यात काय काय दाखवणार हे सांगणारा कार्यक्रम, आणि तोही आम्ही कार्यक्रम म्हणूनच बघायचो. बाबा डायरी आणि शिसपेन्सिल घेऊन बसायचे. वार, वेळ, नाव, कलाकार. त्या वेळात घरात बोलायचं नाही, फोडणी टाकायची नाही. एकदा शनिवारच्या मराठी चित्रपटाचं नाव सांगायला आणि कुकरची शिट्टी व्हायला एकच गाठ पडली. बाबांनी डायरीत लिहिलं : ‘शनिवार. चित्रपट. (कुकर)’. आठवडाभर आम्ही शेजारीपाजारी विचारत हिंडलो, पण प्रत्येकाच्या घरी त्या वेळी काही ना काही शिजत होतं.

रविवारी दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या संपल्या की प्रादेशिक चित्रपट. पुरस्कार मिळालेला, बहुधा बंगाली किंवा मल्याळी. एक माणूस होडीत बसायचा. बराच वेळ बसायचा. मग दुसरा माणूस काठावर यायचा आणि त्याच्याकडे बघायचा. खालची इंग्रजी अक्षरं वाचून आत्या आम्हाला अर्थ सांगायची. ती मॅट्रिक होती आणि तिचा वाचण्याचा वेग होडीपेक्षा थोडा कमी होता, त्यामुळे माणूस मेल्यावर आम्हाला तो आजारी असल्याचं कळायचं. जेवणानंतरची ती जड दुपार, डोळे मिटताहेत, आणि तरी उठायची कुणाची टाप नाही. हल्ली जागतिक सिनेमाच्या महोत्सवांना पासाच्या रांगेत उभी राहणारी माणसं दिसतात. आम्हाला तो सिनेमा घरपोच येत होता आणि नको म्हणण्याची सोय नव्हती.

सरकारला वाटायचं, लोक एवढे बसलेच आहेत तर त्यांना शहाणं करून घ्यावं. ७ जुलै १९८४ ला ‘हम लोग’ सुरू झालं ते त्याच बेताने. मेक्सिकोत मालिकांमधून कुटुंबनियोजन शिकवतात, आपणही शिकवू. मनोहर श्याम जोशींनी लिहिलं, शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे. आमच्याकडे त्यावर जी चर्चा चाले ती सगळी बडकीचं लग्न जमतं की नाही याची. आजीने तर बडकीसाठी एक स्थळही सुचवलं होतं, तिच्या माहेरचं, पुण्याचं, बँकेतलं. कुटुंबनियोजनावर आमच्या घरात कोणी चकार शब्द काढला नाही. अशोककुमार बोलायला लागले की आई पानं घ्यायला उठायची.

एक धडा मात्र पक्का बसला. देशातला कुणी मोठा नेता गेला की राष्ट्रीय दुखवटा, आणि दुखवटा म्हणजे सारंगी. चित्रपट रद्द, ‘चित्रहार’ रद्द, दिवसचे दिवस सारंगी. लहान वयात आम्हाला नेत्यांच्या प्रकृतीची जेवढी काळजी होती तेवढी त्यांच्या पक्षालाही नसेल. “आज बरं आहे म्हणे, पाणी घेतलं,” अशी बातमी आली की आम्ही बुधवारच्या ‘चित्रहार’कडे आशेने बघायचो. पुढे मोठेपणी एका मैफलीत सारंगी सुरू झाली तेव्हा शेजारच्या रसिकाने डोळे मिटून दाद दिली. मी हळूच त्याला विचारलं, “कोण गेलं?”

२५ जानेवारी १९८७ ला ‘रामायण’ सुरू झालं. रविवारी सकाळी साडेनऊ. आमच्याकडे आंघोळीचा क्रम त्यावर ठरायला लागला. आजी सोवळ्यात, टीव्हीपुढे उदबत्ती, चपला दाराबाहेर. निरमा आणि विकोच्या जाहिराती संपेपर्यंत तीही हात जोडून बसायची, कोण जाणे, मध्येच दर्शन झालं तर. उदबत्तीची राख क्रोशाच्या झाकणावर पडून भोक पडलं, आणि आईने प्रभू रामचंद्रांसमोर सासूला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं. पुढे ‘महाभारत’ आलं. त्यात इकडून एक बाण निघायचा, तिकडून एक, आणि दोघं मध्यावर एकमेकांकडे बघत थबकायचे. तेवढ्यात चहा व्हायचा. आधण ठेवून, गाळून, कप भरून आई बाहेर यायची तेव्हा बाण नुकते भिडत असत.

२०२० च्या टाळेबंदीत २८ मार्चपासून दूरदर्शनने तेच ‘रामायण’ पुन्हा लावलं. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला असं त्यांनी जाहीर केलं. त्यात आमच्या घरातले किती धरले असतील ठाऊक नाही. मी मुलीला ओढून आणून बसवलं होतं. बाण निघाला. ती म्हणाली, “बाबा, पुढे कर ना.” मी म्हटलं, “अगं, हा टीव्ही आहे, पुढे होत नाही.” बाण अजून वाटेत होता. तिने विचारलं, “मग तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही काय करायचात?”

“बघायचो.”

तिने माझ्याकडे पाहिलं ते आत्या होडीवाल्याकडे पाहायची तसं. आणि खरं सांगायचं तर बाण पोचेपर्यंत मीही मोबाइल काढला होता.

आता आमच्याकडे भिंतीएवढा टीव्ही आहे आणि त्यात सगळ्या जगातलं सगळं आहे. रात्री जेवणं आटोपली की मी आणि बायको काय बघायचं ते ठरवायला बसतो. कोरियन? नको, रडका असेल. खुनाचं? काल पाहिलं. विनोदी? नाव तर विनोदी वाटत नाही. चित्रं सरकत राहतात, प्रत्येकाची झलक बघून होते, आणि ठरेपर्यंत दोघांपैकी एकजण घोरत असतो. मध्येच टीव्हीच विचारतो, तुम्ही अजून बघताय का? तेव्हा मला आजीची आठवण येते. बातम्या देणाऱ्याने “नमस्कार” म्हटलं की आजी पदर सावरून उलट नमस्कार करायची आणि तो आपल्याला बघतो याबद्दल तिची खात्री होती. त्याच्यासमोर ती कधी दातांची कवळी काढत नसे. आम्ही हसायचो. आता हा टीव्ही मी काय बघतो, कुठे थांबतो, कुठे सोडून देतो, सगळं टिपून ठेवतो आणि त्यावरून उद्याचं माझ्यापुढे वाढतो. माझ्यापुढे हल्ली तो कोंबड्यांचे व्हिडिओ वाढतो. आजी असती तर टीव्हीच्या त्या प्रश्नाला तिने रीतसर उत्तर दिलं असतं, “बघत्ये रे बाबा, तू जेवलास का?”

घरात टीव्ही बघणारं खरंखुरं माणूस म्हणजे आई. केबल आली, १९९९ मध्ये ‘अल्फा मराठी’ आली, ‘आभाळमाया’ आली, आणि आई जी बसली ती बसलीच. ‘चार दिवस सासूचे’ तिने इमानाने पूर्ण पाहिली. नावात चार दिवस, चालली २००१ ते २०१३, भाग तीन हजारांच्या वर. तेवढ्या काळात आई स्वतः सासू झाली. तिच्या मते सगळ्या मालिका भिकार आहेत. हे ती रोज सांगते. “एवढी शिकलेली मुलगी, नवऱ्याचा मोबाइल बघू नये कळत नाही? आणि रात्री दागिने घालून कोण झोपतं?” जाहिरात लागली की सांगलीच्या मावशीला फोन. “आता ती दुधात काहीतरी घालणार बघ.” मावशी सांगते, दुधात नाही, खिरीत. मालिका सुरू झाली की फोन मधल्या मध्ये बंद, ठेवते वगैरे काही नाही.

“एवढी भिकार आहे तर बंद कर,” मी म्हणतो.

“आणि पुढे काय होतं ते कोण बघणार, तू?”

मी मालिका बघत नाही. आमच्या सोसायटीतला एकही पुरुष मालिका बघत नाही. आम्ही सगळे फक्त स्वयंपाकघरातून पाणी पिऊन बेडरूमकडे जात असतो आणि वाटेत टीव्ही लागतो. परवा असाच आईला आवाज कमी करायला सांगायला बाहेर आलो. खांद्यावर टॉवेल, हातात पाण्याचं भांडं. पडद्यावर खिरीची वाटी. थोरल्या जावेचा चेहरा, ढगांचा गडगडाट. धाकट्या जावेचा चेहरा, पुन्हा गडगडाट. वाटीचाही चेहरा. मी दाराच्या चौकटीला टेकलो.

“ही निळ्या साडीवाली कोण?” मी विचारलं.

“नवऱ्याची पहिली बायको.”

“ती मेली होती ना?”

आईने मान वळवून माझ्याकडे नीट पाहिलं. ती मेली होती गणपतीच्या सुमारास, महाएपिसोडमध्ये, रविवारी. “तुला काय माहीत?”

“असंच. जाता येता कानावर पडतं.”

“बस की मग खाली. किती वेळ उभा आहेस.”

“नको,” मी म्हटलं, “मी नाही बघत. आवाज कमी कर म्हणून सांगायला आलो होतो.”

आईने रिमोट उचलला.

“थांब,” मी म्हटलं, “ते काय म्हणाली ती, ऐकू दे.”